पेपर खुला करायला कोणी अडवले आहे?

विद्यापीठाच्या कुठल्याही विभागात ओपन अ‍ॅक्सेसचा विषय काढला, तर त्याला उघड विरोध करणारा प्राध्यापक सापडणे कठीण. जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेला फुकट वाचता आले पाहिजे, हे सगळ्यांनाच पटते. पाठोपाठ मात्र हरकती सुरू होतात. खुली जर्नल्स म्हणजे पैसे घेऊन काहीही छापणारी दुकाने. त्यातली जी चांगली आहेत त्यांची फी परवडत नाही. आणि केंद्र सरकारने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ योजना आणल्यापासून हवे ते जर्नल वाचायला मिळतेच आहे, मग हा उपद्व्याप हवा कशाला? ज्येष्ठ मंडळी हे इतक्या सहजपणे सांगतात की नुकतीच पीएच.डी.ची नोंदणी केलेला विद्यार्थी ते अनुभवाचे बोल म्हणून ऐकतो आणि पुढे आयुष्यभर तेच आपल्या विद्यार्थ्यांना सांगतो.

या तिन्ही हरकतींत थोडे तथ्य आहे, पण त्यांवरून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. पेपर कुलूपबंद राहतात याला प्रकाशकांची नफेखोरी कारणीभूत आहे, हे खरेच. पण तेवढेच कारण पुढे करून संशोधक स्वतःची सुटका करून घेतात. उरलेले कारण त्यांच्या सवयीत, भीतीत आणि त्यांनीच बसवलेल्या मोजमापात आहे.

बोलणे आणि करणे यांतले हे अंतर जुने आहे. 2000 च्या अखेरीस हॅरल्ड व्हार्मस, पॅट्रिक ब्राऊन आणि मायकेल आयसेन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी एक खुले पत्र फिरवले. जी जर्नल्स प्रसिद्धीनंतर सहा महिन्यांत आपले लेख खुले करणार नाहीत, त्यांत सप्टेंबर 2001 पासून आम्ही लिहिणार नाही, त्यांच्यासाठी पेपर तपासणारही नाही, अशी ती प्रतिज्ञा होती. जगभरातल्या जवळपास 34 हजार शास्त्रज्ञांनी त्यावर सह्या केल्या. सप्टेंबर आला आणि गेला. जर्नल्स फारशी बदलली नाहीत, आणि सह्या करणारे बहुतेक जण पूर्वीसारखेच त्याच जर्नल्सकडे पेपर पाठवत राहिले. अखेर त्या तिघांना स्वतःचे जर्नल काढावे लागले. 2003 मध्ये निघालेले ‘प्लॉस बायॉलॉजी’ ते हेच.

युरोपीय संघाच्या पैशातून झालेल्या ‘सोप’ या पाहणीचे निष्कर्ष 2011 मध्ये आले. सुमारे 38 हजार संशोधकांपैकी 89 टक्के म्हणाले की खुली जर्नल्स आमच्या विषयाच्या हिताची आहेत. त्या काळात खुल्या जर्नल्समध्ये प्रसिद्ध होणाऱ्या पेपरांचे प्रमाण मात्र जेमतेम आठ ते दहा टक्के होते. अमेरिकेच्या एनआयएच या वैद्यकीय संशोधनाला अनुदान देणाऱ्या सरकारी संस्थेचा अनुभव तर याहून बोलका आहे. आमच्या अनुदानातून लिहिलेला पेपर सार्वजनिक संग्रहात ठेवा, अशी विनंती या संस्थेने 2005 मध्ये केली, तेव्हा चार टक्क्यांहूनही कमी पेपर जमा झाले. 2008 मध्ये कायद्याने तीच गोष्ट सक्तीची झाली आणि पेपर येऊ लागले. माणसे तीच होती आणि अपलोड करण्याची पद्धतही जवळपास तीच. तीन वर्षांपूर्वी त्यांना कोणी अडवले नव्हते.

आता दर्जाच्या हरकतीकडे वळू. भारतात ती विशेष जोराने घेतली जाते, कारण बनावट जर्नल्सचा धंदा इथे खरोखरच फोफावला. 2013 मध्ये ‘सायन्स’ साप्ताहिकाने जॉन बोहॅनन यांचा एक प्रयोग छापला. मुद्दाम ढोबळ चुका घातलेला बनावट पेपर त्यांनी 304 खुल्या जर्नल्सकडे पाठवला आणि 157 जर्नल्सनी तो स्वीकारला. ज्यांच्याकडे पेपर गेला त्यांतली सुमारे एक तृतीयांश जर्नल्स भारतातली होती. तेव्हापासून हा आकडा ओपन अ‍ॅक्सेसविरुद्धचा पुरावा म्हणून फेकला जातो.

पण त्या प्रयोगात वर्गणी घेणाऱ्या एकाही जर्नलकडे तो पेपर पाठवलेला नव्हता. तुलनेला दुसरी बाजूच नसेल, तर वर्गणीची जर्नल्स अधिक चोख असतात हे त्यातून सिद्ध कसे होणार? प्रयोगशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ही उणीव दिसेल. शिवाय पेपर स्वीकारणाऱ्यांच्या यादीत एल्सेव्हियर, सेज, वॉल्टर्स क्लुवर यांसारख्या बड्या नावांशी जोडलेली जर्नल्स होती, आणि ‘प्लॉस वन’ या खुल्या जर्नलने तो नाकारला होता. संगणकाने जुळवलेल्या निरर्थक वाक्यांचे शंभराहून अधिक ‘पेपर’ 2014 मध्ये मागे घ्यावे लागले, ते स्प्रिंगर आणि आयईईईच्या वर्गणीच्या संग्रहांतून. लस आणि ऑटिझम यांचा खोटा संबंध जोडणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा पेपर ‘लॅन्सेट’ने 1998 मध्ये छापला आणि मागे घेतला 2010 मध्ये. एल्सेव्हियरच्या ऑस्ट्रेलियातील शाखेने तर औषध कंपन्यांच्या पैशावर जर्नलसारखी दिसणारी सहा प्रकाशने चालवली होती. यातले काहीही वाचकाला फुकट वाचता येत होते म्हणून घडलेले नाही.

उलट बाजूचा पुरावाही लपवण्याचे कारण नाही. हिंदावी ही खुली जर्नल्स चालवणारी कंपनी 2021 मध्ये वायलीने विकत घेतली, आणि 2023 या एका वर्षात तिला आठ हजारांहून अधिक पेपर मागे घ्यावे लागले. दर पेपरमागे लेखकाकडून फी घेतली की जास्त पेपर छापण्याचा मोह होतो, हे इथे स्पष्ट दिसते. ओपन अ‍ॅक्सेसच्या समर्थकांनी हे मान्य केले पाहिजे आणि मोठ्याने मान्य केले पाहिजे. दोष दर पेपरमागच्या फीचा आहे. वाचकाला मिळणाऱ्या मोकळ्या वाटेचा नाही.

आणि भारतातली बनावट जर्नल्स वाढली ती कोणाच्या मागणीवर? 2010 मध्ये यूजीसीने एपीआयची गुणपद्धत आणली. पेपरांची संख्या मोजून बढती मिळू लागली आणि संख्या पुरवणारा बाजार उभा राहिला. 2017 मध्ये यूजीसीने मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी काढली. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या भूषण पटवर्धन यांच्यासह काही अभ्यासकांनी ती तपासली आणि 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष मांडले. कुठल्याही सूचीत नसलेली आणि केवळ विद्यापीठांच्या शिफारशीवरून यादीत आलेली जी जर्नल्स होती, त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक निकृष्ट असू शकतात असे त्यांना आढळले. कुठे पत्ता किंवा संपादकांची नावे नव्हती, कुठे आयएसएसएन क्रमांक चुकीचा, कुठे इम्पॅक्ट फॅक्टरचा दावा खोटा. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने 4,305 जर्नल्स यादीतून काढली. नंतर पुण्याच्याच विद्यापीठात केंद्र ठेवून ‘केअर’ यादी तयार झाली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तीही बंद करण्यात आली.

विद्यापीठांच्या शिफारशी आकाशातून पडत नाहीत. त्या प्राध्यापकांच्या समित्या करतात. अशा जर्नल्समध्ये पेपर देणारे प्राध्यापकच असतात आणि तो पेपर बढतीच्या फाईलमध्ये मोजून घेणारेही प्राध्यापकच. हा सगळा व्यवहार ओपन अ‍ॅक्सेसच्या नावावर टाकून मोकळे होणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी देणे आहे.

खुलेपणाने दर्जा घसरत असता, तर ऑगस्ट 2002 मध्ये कानपूरच्या आयआयटीत जे घडले ते घडलेच नसते. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळसंख्या आहे की नाही हे झटपट आणि खात्रीने ठरवण्याची रीत शोधली आणि पेपर थेट विभागाच्या वेबसाईटवर ठेवला. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बी.टेक. झालेले होते. काही दिवसांत जगभरच्या गणितज्ञांनी तो वाचला, तपासला, त्यातली सिद्धता सोपी करण्याच्या सूचना पाठवल्या. ‘अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये तो छापून आला 2004 मध्ये, म्हणजे जगाने मान्य केल्यानंतर. याच 2002 च्या नोव्हेंबरात ग्रिगोरी पेरेलमन यांनी प्वांकारे अनुमानाच्या सिद्धतेचा पहिला भाग अर्काइव्ह या खुल्या ऑनलाईन संग्रहावर टाकला आणि कुठल्याही जर्नलकडे पाठवला नाही. चुका शोधणारे डोळे जितके जास्त, तितकी तपासणी कडक होते. कुलूप लावल्याने डोळे कमी होतात.

फीच्या हरकतीत सर्वात जास्त जोर आहे. ‘नेचर’ने 2020 च्या अखेरीस खुल्या पेपरसाठी 9,500 युरो असा दर जाहीर केला. तेव्हाच्या हिशेबाने ते आठ लाख रुपयांहून अधिक होतात. त्या वेळी जेआरएफ मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला महिन्याला 31 हजार रुपये मिळत. म्हणजे एका पेपरची फी त्याच्या दोन वर्षांहून अधिक काळाच्या फेलोशिपइतकी. एल्सेव्हियरच्या मूळ कंपनीच्या वैज्ञानिक विभागाचा नफा उलाढालीच्या सुमारे 38 टक्के असतो. पेपर लिहिणारा फुकट लिहितो आणि तपासणारा फुकट तपासतो, तेव्हा एवढा नफा कुठून येतो हे सांगायला नको. 2023 मध्ये ‘न्यूरोइमेज’च्या चाळीसहून अधिक संपादकांनी 3,450 डॉलरच्या फीचा निषेध म्हणून एकत्र राजीनामे दिले आणि ‘इमेजिंग न्यूरोसायन्स’ हे नवे जर्नल काढले. त्यांचा संताप रास्त होता.

पण ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे ही फी, हे समीकरण कोणी मांडले? खुल्या जर्नल्सची डीओएजे ही जी जागतिक सूची आहे, तिच्यातली निम्म्याहून कितीतरी अधिक जर्नल्स लेखकाकडून एक पैसाही घेत नाहीत. ब्राझीलच्या ‘सायेलो’ने 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून सार्वजनिक पैशावर लॅटिन अमेरिकेतली जर्नल्स खुली ठेवली आहेत. सी. व्ही. रामन यांनी 1934 मध्ये स्थापलेल्या बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसची जर्नल्स अनेक वर्षे वाचकाला फुकट आणि लेखकालाही फुकट राहिली आहेत.

मुंबईकरांना तर फार लांब जाण्याचीही गरज नाही. परळच्या केईएम रुग्णालय आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातल्या अध्यापकांची स्टाफ सोसायटी 1955 पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ चालवते. महापालिकेच्या रुग्णालयातले डॉक्टर ओपीडी आणि वॉर्ड सांभाळून हे जर्नल काढत आले. इंटरनेट भारतात बाळसे धरत होते तेव्हाच त्यांनी ते संपूर्ण ऑनलाईन खुले केले, लेखकाकडून फी न घेता. छापील अंकाची वर्गणी वेगळी सुरूच राहिली. फुकट वाचायला मिळाले की वर्गणीदार पळतील, ही भीती तेव्हाही घातली गेली होती. प्रत्यक्षात परदेशातून वाचक आले, परदेशातून पेपर येऊ लागले आणि जर्नलमधल्या जुन्या पेपरांचे दाखलेही वाढले. मुंबईचेच बालरोगतज्ज्ञ डॉ. डी. के. साहू यांनी ‘मेडनो’ या संस्थेतून हाच कित्ता भारतातल्या कितीतरी वैद्यकीय जर्नल्सना गिरवायला लावला. 2011 मध्ये वॉल्टर्स क्लुवरने मेडनो विकत घेतली. आपल्याच शहरात उभे राहिलेले, बिनफीचे, चालणारे उदाहरण बहुराष्ट्रीय कंपनीच्या हाती गेले आणि त्याची हळहळ फारच थोड्यांना वाटली. ओपन अ‍ॅक्सेस परवडत नाही म्हणणाऱ्या मुंबई-पुण्यातल्या किती संशोधकांना हा इतिहास ठाऊक आहे?

तिसरी हरकत सर्वात नवी आणि सर्वात लोकप्रिय. नोव्हेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन, वन सबस्क्रिप्शन’ला मान्यता दिली. 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13 हजार जर्नल्स, 6,300 हून अधिक सरकारी संस्था आणि पावणेदोन कोटींच्या वर विद्यार्थी-संशोधक. ज्या राज्य विद्यापीठांच्या ग्रंथालयांत कालपर्यंत चार जर्नल्सची मारामार होती, तिथल्या विद्यार्थ्याला याचा मोठा आधार आहे, हे निर्विवाद. त्याआधी हाच विद्यार्थी साय-हब या कुलूपबंद पेपर परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या संकेतस्थळावर जात होता. 2015-16 च्या आकडेवारीत साय-हबवरून पेपर उतरवणाऱ्या देशांत भारत अगदी वरच्या क्रमांकावर होता, आणि ऑगस्ट 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती वाटही बंद करायला लावली.

तरीही या योजनेने ओपन अ‍ॅक्सेसचा प्रश्न सुटत नाही. तिने आपल्याला जगाचे वाचता येते. जगाला आपले वाचता येत नाही. आपल्याच देशात योजनेच्या यादीबाहेरचे लोक कोण आहेत ते पाहावे. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, खासगी महाविद्यालयातला अध्यापक, निवृत्त प्राध्यापक, पाण्याच्या प्रश्नावर काम करणारा कार्यकर्ता, शेतीविषयक मजकूर लिहिणारा पत्रकार. महाराष्ट्रात तर इतिहासाचे मोठे काम विद्यापीठाबाहेरच्यांनी केले आहे. वि. का. राजवाडे कुठल्या विद्यापीठात नोकरीला नव्हते. गावोगाव फिरून दप्तरे गोळा करत त्यांनी साधनांचे खंड छापले आणि 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. त्यांच्या वाटेने जाणाऱ्या आजच्या अभ्यासकाला या योजनेत लॉगिन नाही. त्याच्या उपयोगी पडते ते पुण्याच्या गोखले संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयासारखे काम, जिथे जुनी दुर्मीळ पुस्तके स्कॅन करून कोणालाही उघडता येतील अशी ठेवली आहेत.

बंद पेपरची किंमत काय असते, हे लायबेरियाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी सांगितले आहे. 2014 मध्ये पश्चिम आफ्रिकेत इबोलाची साथ आली आणि अकरा हजारांहून अधिक माणसे गेली. हा रोग या भागात नाही, असे तेव्हा समजले जात होते. एप्रिल 2015 मध्ये लायबेरियाच्या आरोग्य खात्यातल्या बर्नीस डान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले की त्यांना 1982 चा एक पेपर सापडला. युरोपीय संशोधकांनी लायबेरियातल्या लोकांच्या रक्तात इबोलाच्या खुणा शोधल्या होत्या आणि हा देश इबोलाच्या पट्ट्यात धरावा, असे स्पष्ट म्हटले होते. लेखकांमध्ये लायबेरियाचा कोणीही नव्हता. तो पेपर उतरवून घ्यायला 45 डॉलर लागत होते, म्हणजे तिथल्या डॉक्टरच्या अर्ध्या आठवड्याच्या पगाराइतके. एका पेपरने साथ थांबली असती, असा दावा कोणी करू नये. पण ज्यांच्या रक्ताच्या नमुन्यांवर तो उभा होता, त्यांच्याच देशात तीस वर्षे त्याची वार्ता नव्हती. उद्या मेळघाटातल्या कुपोषणावरचा किंवा विदर्भातल्या सिकलसेलवरचा पेपर याच तऱ्हेने बंद राहिला, तर तो लिहिणाऱ्याने आपल्या ग्रंथालयाला सगळे वाचता येते म्हणून समाधान मानावे का?

यावर उपाय म्हणून फी भरून खुल्या जर्नलमध्येच छापा, असे कोणी म्हणत नाही. नेहमीच्या, नामांकित, वर्गणीच्या जर्नलमध्ये पेपर द्यावा. तो स्वीकारला गेल्याचा ई-मेल येतो, त्या दिवशी लेखकाच्या लॅपटॉपवर ‘फायनल रिव्हाइज्ड’ अशा काहीशा नावाची फाईल असते. परीक्षकांनी काढलेल्या चुका तिच्यात दुरुस्त झालेल्या असतात, वाढवलेला तक्ता आलेला असतो, निष्कर्षाचा परिच्छेद दोनदा बदललेला असतो. प्रकाशकाची मांडणी, पृष्ठक्रमांक आणि बोधचिन्ह सोडले तर छापील पेपरमध्ये जे येणार ते सगळे तिच्यात आहे. बहुतेक मोठे प्रकाशक ही फाईल संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे ऑनलाईन संग्रहात ठेवायला परवानगी देतात, काही लगेच आणि काही ठरावीक महिन्यांनंतर. कोण काय परवानगी देतो हे प्रकाशकांच्या धोरणांच्या ऑनलाईन सूचीत जर्नलचे नाव टाकले की कळते. फाईल चढवायला चहा पिण्याइतका वेळ लागतो. जैवतंत्रज्ञान (डीबीटी) आणि विज्ञान-तंत्रज्ञान (डीएसटी) या केंद्राच्या दोन विभागांनी डिसेंबर 2014 पासून आपल्या अनुदानावरच्या पेपरांसाठी नेमके हेच सांगितले आहे.

आणि तरी फाईल लॅपटॉपवरच राहते. कारण विचारले तर कॉपीराइटची धास्ती सांगितली जाते. पण कॉपीराइटचा फॉर्म भरताना त्यातले हक्काचे कलम किती जण वाचतात? भौतिकशास्त्रज्ञ 1991 पासून आपले पेपर अर्काइव्हवर ठेवत आले आहेत. टीआयएफआर आणि आयुकातल्या संशोधकाला यात विशेष काही केल्यासारखेही वाटत नाही. पेपर लिहिला की तो अर्काइव्हवर जातो, मग जर्नलकडे. भौतिकशास्त्राची नामवंत जर्नल्स त्यामुळे बुडाली नाहीत. त्याच आवारातल्या दुसऱ्या विभागात मात्र ही गोष्ट धोक्याची मानली जाते. फरक कायद्याचा नाही, सवयीचा आहे.

सवय बदलत नाही, कारण बदलल्याने काही मिळत नाही. बढतीच्या मुलाखतीला बसलेली समिती जर्नलचे नाव आणि इम्पॅक्ट फॅक्टर पाहते. पेपर कोणाला वाचता येतो, हा रकाना तिच्या तक्त्यात नसतो. तरुण संशोधकाने एकट्याने शौर्य गाजवावे, अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. पण समितीत बसणारे ज्येष्ठ प्राध्यापक तरुण नाहीत आणि एकटेही नाहीत. तक्ता त्यांच्या हातात आहे.

बेल्जियमच्या लिएज विद्यापीठात तो बदलून पाहिला गेला. कुलगुरू बेर्नार रांतिए यांच्या कारकिर्दीत 2007 मध्ये नियम झाला आणि पुढच्या वर्षी ‘ओर्बी’ ही रिपॉझिटरी सुरू झाली. नियम साधा होता. बढतीसाठी आणि अंतर्गत अनुदानासाठी ओर्बीत ठेवलेलेच पेपर मोजले जातील. जो तिथे नाही तो मूल्यमापनापुरता नाही. कुठल्या जर्नलमध्ये छापायचे याचे स्वातंत्र्य पूर्ण राहिले आणि कोणाला फी भरावी लागली नाही. प्रकाशकाची मुदत असेल तोवर फाईल बंद राहते, पण तिच्या नोंदीशेजारी एक बटण असते. वाचकाने ते दाबले की लेखकाला विनंती जाते आणि लेखक ई-मेलने प्रत पाठवू शकतो. काही वर्षांतच ओर्बी युरोपातल्या सर्वात भरलेल्या संस्थात्मक रिपॉझिटऱ्यांपैकी एक झाली. महाराष्ट्रातल्या एखाद्या विद्यापीठाने प्राध्यापकांच्या बढतीच्या ‘कॅस’ योजनेतल्या छाननीसाठी हाच नियम करायचा म्हटला, तर त्यासाठी दिल्लीच्या मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही, प्रकाशकाशी वाटाघाटीचे नाही आणि नव्या खर्चाचेही फारसे नाही. विद्या परिषदेच्या पुढच्या बैठकीच्या कार्यपत्रिकेत हा विषय घालता येतो, आणि विद्या परिषदेवर प्राध्यापकच असतात.